‘लढ्या’चा ‘संघर्ष’ होतो तेव्हा

मराठी समीक्षेच्या परिभाषेत ‘संघर्ष’ या शब्दाइतके कष्ट दुसऱ्या कोणत्याही शब्दाला क्वचितच उपसावे लागले असतील. पात्राच्या मनात द्विधा उत्पन्न झाली की तो ‘अंतर्गत संघर्ष’. सून वेगळी राहू पाहते तेव्हा तो ‘दोन पिढ्यांतील संघर्ष’. खेड्यात वीज आली की ‘परंपरा आणि नवता यांचा संघर्ष’. नायक उपाशी असला तर ‘जगण्याचा संघर्ष’. आणि काही हजार कामगार कारखान्याच्या दारात बसले तर तोही ‘संघर्ष’च. विद्यापीठीय प्रबंधांच्या शीर्षकांना ‘–मधील संघर्ष’ हे शेपूट इतक्या सवयीने जोडले जाते की, ते नसेल तर संशोधकाने काही अभ्यासले आहे की नाही याविषयीच शंका यावी. इतक्या भिन्न प्रकारच्या घटितांना जो शब्द सारख्याच सहजतेने लागू पडतो, तो त्यांपैकी एकाविषयी तरी काही सांगत असतो काय, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

हा आक्षेप शब्दशुद्धीचा नव्हे. ‘संघर्ष’ संस्कृत आहे किंवा हिंदीच्या वाटेने रूढ झाला म्हणून तो त्याज्य, असे कोणी म्हणणार नाही. आक्षेप आहे तो एका विशिष्ट अदलाबदलीला. ज्यात पक्ष निश्चित आहेत, मागणी मांडलेली आहे, स्थळ आणि दिवस जाहीर केलेले आहेत, अशा उघड विरोधाला मराठीत ‘लढा’ हा स्वतंत्र, जिवंत आणि नेमका शब्द आहे. स्वातंत्र्यलढा, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, गिरणी कामगारांचा लढा हे प्रयोग मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत. समीक्षेच्या पानावर येताच मात्र लढ्याचा ‘संघर्ष’ होतो, आणि या रूपांतरात जे गळून पडते तेच नेमके वाङ्मयीन दृष्ट्या मोलाचे असते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा औद्योगिक पट्टा ही या विधानाची चांगली कसोटी आहे. कारण तेथील लढ्यांना तारखा आहेत, ठिकाणे आहेत आणि शेवटही आहेत.

१९८९ सालचे उदाहरण घ्यावे. पिंपरीच्या टेल्कोमध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखालील टेल्को कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात १९८८पासून तेढ वाढत गेली. व्यवस्थापनाने वाटाघाटी कोणाशी करावयाच्या, कामगारांचे प्रतिनिधी कोणाला मानावयाचे, हा वादाचा गाभा होता. व्यवस्थापनाने दुसऱ्या संघटनेशी वेतनकरार केला आणि सप्टेंबर १९८९मध्ये नायर यांच्या बाजूचे कामगार मोठ्या संख्येने पुण्यात शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले. महिन्याच्या अखेरीस पोलिसांनी त्यांना तेथून उचलले आणि लढा मोडला. या घटनाक्रमात काय काय आहे? दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या पोटात पुन्हा दोन संघटना आहेत. एक करार आहे, जो काहींच्या लेखी शेवट आणि काहींच्या लेखी आरंभ ठरला. कारखान्यापासून दूर, शहराच्या ऐन मध्यावर, पेशव्यांच्या वाड्यासमोर मुद्दाम निवडलेली जागा आहे. आणि पराभव आहे. हे सारे ‘टेल्को कामगारांचा संघर्ष’ या तीन शब्दांत घातले की उरते ते एवढेच की, काही माणसांना त्रास झाला आणि त्यांनी तो सोसला.

शब्दांची नियत त्यांच्या व्याकरणात अधिक उघडी पडते. लढा दिला जातो, उभारला जातो, पुकारला जातो, चालू ठेवला जातो. तो मागे घेतला जातो, मिटतो, फसतो, मोडून काढला जातो. तो जिंकला वा हरला जातो. संपाचेही असेच: तो फोडता येतो, आणि फोडणाऱ्याला ‘संपफोड्या’ हे नावही भाषेने तयार ठेवले आहे. ‘संघर्षा’ला यांतली बहुतेक क्रियापदे सोसत नाहीत. संघर्ष ‘होतो’, ‘पेटतो’, ‘उडतो’. फार तर माणूस तो ‘करतो’. ‘संघर्ष मागे घेतला’ असे कोणी म्हणत नाही, कारण जो कोणी पुकारलेलाच नाही तो मागे कोण घेणार? ‘संघर्षफोड्या’ हा शब्द मराठीत नाही. विभक्तीही पाहावी. लढा ‘कशासाठी’ आणि ‘कोणाविरुद्ध’ या दोन प्रश्नांशिवाय पुरा होत नाही. संघर्षाला ‘–शी’ पुरतो: परिस्थितीशी, नियतीशी, स्वतःशी, काळाशी. परिस्थितीशी संघर्ष करता येतो. परिस्थितीविरुद्ध संप पुकारता येत नाही. समीक्षकाने ‘संघर्ष’ हा शब्द उचलला की प्रतिपक्षाचे नाव घेण्याच्या जबाबदारीतून त्याची परस्पर सुटका होते. ही सुटका शब्दाने देऊ केलेली सवलत आहे, आणि ती घेतली जाते हे कोणताही चाळीस पानांचा ‘सामाजिक आशय’ वाचून पडताळून पाहावे.

धातूकडे गेले तर हे आश्चर्याचे वाटणार नाही. सम् अधिक घृष्: एकमेकांवर घासणे. संस्कृतात ‘संघर्ष’ म्हणजे घासाघीस, आणि त्यावरून स्पर्धा, ईर्षा, चढाओढ. त्यात उघड युद्धाचा भाग नाही. दोन पृष्ठभाग आहेत आणि झीज आहे. मराठी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांनी ‘घर्षण’ हा भाऊबंद शब्द याच अर्थाने घेतला आणि योग्य केले. घर्षणात दोष कोणाचाच नसतो, मागणी कोणाचीच नसते. उपाय एकच, वंगण. ज्या चिंचवडात घर्षण कमी करण्यासाठी बेअरिंगे बनतात, तेथल्या कामगाराला हा फरक समजावून द्यावा लागणार नाही: यंत्र कुरकुरले तर त्याला ग्रीस पुरते, पण माणसे दारात बसली तर करार लागतो. ‘औद्योगिक सलोखा’ नावाच्या कल्पनेला ‘संघर्ष’ हा शब्द मुळीच अडचणीचा नाही, हे त्या शब्दावर भाळलेल्या समीक्षेच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

याउलट, उघड विरोधासाठी भाषेने घडवलेले जुने शब्द पाहिले की एक लक्षणीय गोष्ट आढळते. त्यांतला ‘सम्’ घासण्याचा नाही, एकत्र येण्याचा आहे. ‘संग्राम’ या शब्दाची जी निर्वचने यास्काने निरुक्तात दिली आहेत, त्यांत दोन ग्राम एकत्र येणे हे एक आहे. वैदिक भाषेत ‘ग्राम’ म्हणजे आजचे स्थिर खेडे नसून एकत्र फिरणारा माणसांचा समूह, हे अभ्यासकांनी दाखवलेच आहे. म्हणजे माणसे जमली, समोरासमोर आली, म्हणून संग्राम. ‘संगर’ हा शब्द तर याहून बोलका आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ युद्ध आणि दुसरा अर्थ करार, वचन. दिलेला शब्द खरा करणारा तो ‘सत्यसंगर’. कोशातील हा दुहेरीपणा भाषाशास्त्रीय कुतूहल म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही. ज्या पट्ट्यातील कामगारजीवन एका वेतनकरारापासून दुसऱ्या वेतनकरारापर्यंत मोजले जाते, आणि जेथे उघड लढा बहुधा जुन्या कराराची मुदत संपताना वा नव्या कराराच्या सहीवरून उभा राहतो, त्या पट्ट्याचे वर्णन करण्यास ‘संगर’ इतका अचूक शब्द आज घडवू म्हटले तरी घडणार नाही. आणि ‘संप’? गुजरातीत आजही ‘संप’ म्हणजे एकी, जूट. मराठीने त्याच शब्दाने काम थांबवण्याच्या कृतीला नाव दिले; म्हणजे काम थांबले ही गोष्ट गौण, माणसे एक झाली ही मुख्य.

चाकणच्या भुईकोटाचे नाव ‘संग्रामदुर्ग’ आहे. १६६०च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळा याने शायिस्तेखानाच्या वेढ्याविरुद्ध तो सुमारे पावणेदोन महिने लढवला; सुरुंगाने बुरूज उडाल्यावर किल्ला द्यावा लागला. २०१३मध्ये त्याच चाकणमध्ये बजाज ऑटोच्या कारखान्यात जूनअखेर सुरू झालेला संप पन्नास दिवस चालून ऑगस्टच्या मध्यास मागे घेतला गेला. असल्या योगायोगावरून वृत्तपत्रीय स्तंभ लिहिता येतात. समीक्षेने त्यावर काही उभारू नये. मात्र दोन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे आणि ती योगायोगाची नाही: वेढा असो की संप, त्याचे दिवस मोजता येतात. कौटिल्याने युद्धाचे प्रकाशयुद्ध, कूटयुद्ध आणि तूष्णींयुद्ध असे भेद केले, त्यांत प्रकाशयुद्धाचे लक्षण त्याने शौर्य वा न्याय हे सांगितले नाही. स्थळ आणि काळ आधी निर्दिष्ट असणे हे सांगितले. उघडपणाची याहून कोरडी आणि याहून उपयुक्त कसोटी सापडणे कठीण. संपाची नोटीस हे प्रकाशयुद्धाचेच आधुनिक रूप आहे. शनिवारवाड्यापाशी दिवसाढवळ्या मांडलेले उपोषण रात्रीतून उठवले गेले, या घटनेतील दोन बाजूंना कौटिल्याच्या वर्गीकरणात कोठे ठेवावयाचे, हे वाचकाने ठरवावे.

मग समीक्षेला ‘संघर्ष’च का लागतो? त्याचे कारण तिने घेतलेल्या दोन वारशांत आहे. पहिला नाट्यविचाराचा. भरताने नाट्याच्या पाच अवस्था सांगितल्या (आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम), त्यांत संघर्ष नाही. युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित कराव्यात असाच त्याचा दंडक आहे. ‘नाट्य म्हणजे संघर्ष’ हे समीकरण मराठीत पाश्चात्त्य विचारातून आले, आणि त्याच्या मुळाशी हेगेलची शोकात्मिकेची मीमांसा आहे: दोन नैतिक शक्ती, दोन्ही आपापल्या परीने समर्थनीय, एकमेकींवर आदळतात आणि अखेर उच्चतर समन्वयात त्यांचे एकांगीपण विलीन होते. ‘अँटिगनी’साठी ही मीमांसा समर्पक असेल. परंतु तीच चौकट कारखान्याच्या दाराशी आणली की मालक आणि कामगार या दोन ‘शक्ती’ होतात, दोघेही आपापल्या परीने बरोबर ठरतात, आणि लाठीमारानंतरची शांतता हा समन्वय म्हणून खपून जातो.

दुसरा वारसा रूपवादाचा. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. सौंदर्यशास्त्रीय विधान म्हणून त्यांचे मोल येथे वादाचा विषय नाही. परंतु त्यांच्या अनुयायांच्या हाती ‘विरोध’ हा केवळ कलाकृतीच्या अंतर्गत घटकांमधला संबंध उरला आणि पुढे ‘ताण’ या संज्ञेने त्याला आणखी सोवळे केले. परिणाम असा की, कवितेत संप आला तरी समीक्षकाने शोधावयाचा तो प्रतिमांमधला ताण. गंमत अशी की, ज्या समीक्षेने या रूपवादाविरुद्ध सामाजिकतेचा झेंडा उभारला, तिनेही शब्द तोच ठेवला. वर्गविग्रह, वर्गकलह, वर्गयुद्ध, वर्गलढा असे अनेक पर्याय मराठीत एकेकाळी वापरात होते. त्यांपैकी ‘वर्गसंघर्ष’ तेवढा टिकला, आणि पुढे त्यातला ‘वर्ग’ही गळाला.

येथे एक गंभीर प्रतिवाद संभवतो व तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही घोषणा महाराष्ट्राच्या खेडोपाडी भिंतींवर आहे. आंबेडकरी चळवळीने जो शब्द प्राणपणाने धरला, त्याला झिजेचा शब्द म्हणण्याचा अधिकार समीक्षेला कोणी दिला? या प्रतिवादाची दोन उत्तरे आहेत. एक, घोषणेत ‘संघर्ष’ हे नाम मोकळे नाही. ते आज्ञार्थात आहे आणि ‘संघटित व्हा’च्या मागून आले आहे. ज्यांना उद्देशून ते उच्चारले जाते ते एकत्र आलेले आहेत, आणि कोणाविरुद्ध हे भिंत वाचणाऱ्याला ठाऊक आहे. चळवळीने आपल्या बळावर या शब्दात ओतलेला अर्थ समीक्षक फुकट वापरतो. आज्ञार्थ काढून, संघटन काढून, उरलेले नाम पात्राच्या मनोव्यापाराला चिकटवतो. दोन, डॉ. आंबेडकरांच्या मूळ इंग्रजी घोषणेतील क्रियापदाचा रोख मने चेतवण्यावर, चळवळ उभी करण्यावर होता आणि त्याचा क्रम शिकण्याच्या लगेच नंतर, संघटनेच्या आधी होता. ‘संघर्ष करा’ या अनुवादावर आणि बदललेल्या क्रमावर खुद्द आंबेडकरी अभ्यासकांत चर्चा झालेली आहे. आणि १९२७च्या महाडच्या घटनेला याच परंपरेने ‘समता संगर’ म्हटले, हे येथे विसरता कामा नये. २० मार्च १९२७ हा दिवस, चवदार तळे हे ठिकाण, ओंजळभर पाणी ही कृती. स्थळकाळ जाहीर असलेला लढा आणि दिलेले वचन या दोन्ही अर्थांनी तो ‘संगर’ होता. चळवळीच्या शब्दभांडारात हा विवेक होता. समीक्षेने त्यातला एकच शब्द उचलला, आणि तोही बोथट करून.

या बोथटपणाने वाचनाची किती हानी होते हे जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाच्या संदर्भात पाहता येते. गिरणगावातील एका कुटुंबाचा जगण्याचा संघर्ष, असे या नाटकाचे वर्णन सहज करता येते आणि ते खोटेही नाही. पण नाटकामागे उभा असलेला १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप हा एक लढा होता, आणि त्याचे ऐतिहासिक वैशिष्ट्य हे की तो औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. त्याचा शेवट करारात झाला नाही, गिरण्याच संपल्या. संगराचा पहिला अर्थ घडला, दुसरा कधी आलाच नाही. नाटकाच्या शीर्षकातील लोंबकळणे हे केवळ मानसिक अवस्थेचे रूपक नव्हे. ती एका न मिटलेल्या लढ्याची स्थिती आहे. घरातील भावांची भांडणे, बहिणीची घुसमट, आईचा धीर हे सारे या न मिटण्याचे आतल्या खोलीतले पडसाद आहेत. लढा खोलीबाहेर आहे, रंगमंचावर नाही. भरताचा दंडक नाटककाराने नकळत पाळला म्हणा हवे तर. ‘संघर्ष’ म्हणणारा समीक्षक मात्र खोलीतच थांबतो, कारण बाहेर काय होते हे विचारण्याची गरज त्याच्या शब्दाने ठेवलेलीच नसते.

याच कारणाने मराठी समीक्षेला पराभवाविषयी बोलता येत नाही. संघर्ष हरत नाही. तो माणसाला ‘समृद्ध’ करतो, ‘घडवतो’, ‘झळाळी देतो’. बजाजच्या चाकण कारखान्यातील २०१३च्या संपात विश्वकल्याण कामगार संघटनेच्या मागण्यांपैकी एक अशी होती की प्रत्येक कामगाराला कंपनीचे पाचशे समभाग एक रुपया दराने मिळावेत. कामगार चळवळीच्या इतिहासात ही मागणी विलक्षण म्हणावी लागेल: मजुरीऐवजी मालकीकडे बोट. ती मान्य झाली नाही. कामगार पन्नास दिवसांनी कामावर परतले. या मागणीत जी कल्पनाशक्ती आहे आणि ती फेटाळली जाण्यात जो निकाल आहे, ही दोन्ही कथात्म साहित्याची अस्सल द्रव्ये होत. परंतु ‘चाकणच्या तरुण कामगारांचा संघर्ष’ असे म्हटले की समभागही गेले आणि निकालही गेला. जानेवारी २०१६मध्ये ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत भरले. गिरणगावाला नारायण सुर्वे लाभले, पवार लाभले. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना त्या तोलाचा लेखक का लाभला नाही, हा प्रश्न विचारताना लेखकांइतकाच समीक्षेने पुरवलेल्या शब्दांचाही विचार व्हावयास हवा.

‘लढा’ हा शब्द सर्वत्र ठोकून बसवावा, असा याचा अर्थ नाही. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला बसगाड्या जळाल्या. आरक्षणाची मागणी हा लढा होता. त्या दुपारी रस्त्यावर जे झाले त्याला तोच शब्द लावता येईल काय, याविषयी दोन मते होऊ शकतात. आंदोलन, उद्रेक, हिंसाचार, दंगल या शब्दांत प्रत्येकाचा पक्ष लपलेला आहे. पण अशी दोन मते होणे हेच भाषा जागी असल्याचे लक्षण. ‘संघर्ष’ म्हटल्यावर असा वाद होत नाही. सगळेच माना डोलावतात.

या बाबतीत कायदा समीक्षेहून सावध निघाला, ही नामुष्कीची गोष्ट आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या नावात ‘विवाद’ तरी होता, म्हणजे किमान दोन पक्ष होते. संसदेने २०२० साली संमत केलेल्या संहितेच्या नावात त्या जागी ‘संबंध’ हा शब्द आला. नाव असे मवाळ झाले, पण आतली व्याख्या कडक झाली: एखाद्या उद्योगातील निम्मे वा त्याहून अधिक कामगार एकाच दिवशी ठरवून नैमित्तिक रजेवर गेले तर तोही संप. ज्यांना संप नको आहे त्यांनी तो कोठे सुरू होतो हे टक्केवारीपर्यंत निश्चित करून घेतले आहे. कामगारांच्या बाजूने लिहिणाऱ्या समीक्षेचे काम मात्र अजून ‘संघर्षा’वर भागते, आणि ज्या कागदांवर मागणी, प्रतिपक्ष आणि तारीख छापलेली असते ती पिंपरीच्या, आकुर्डीच्या, चाकणच्या गेटांवर वाटली गेलेली पत्रके आमच्या मराठी विभागांच्या टेबलावर अभ्यासाची संहिता म्हणून फारशी आलेली नाहीत.